पलंगावरची दादाची बाजू

आमच्या वहिनीला कोणी विचारलं असतं, की बाई, तुझ्या आयुष्यात मोठं असं काय घडलं, तर तिने लग्न सांगितलं नसतं आणि मुलाचा जन्मही सांगितला नसता. तिने सांगितलं असतं, की एकदा वावटळीत गच्चीवरच्या दोरीवरून सहा चादरी उडाल्या आणि पाचच सापडल्या. त्या सहाव्या चादरीसाठी ती तीस वर्षं हळहळत होती. रस्त्याने चालताना कुणाच्या गच्चीवर पांढरं काही फडफडलं की तिची पावलं मंद व्हायची. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ आणि तिचा नवरा, म्हणायचा की गर्दीत पोर हरवलं असतं तर एव्हाना ही विसरली असती.

ती आमच्या घरात आली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. गुडघे फुटलेले, चड्डीचं एक बटण कायमचं गायब. त्याच अवतारात मी नव्या पलंगावर उडी घेणार, तेवढ्यात ती म्हणाली की भाऊजी, आधी पाय धुऊन या. मी मागे वळून बघितलं, हे भाऊजी कोण आलेत म्हणून. उभ्या जन्मात मला कोणी 'अहो-जाहो' केलं नव्हतं. मी मुकाट्याने मोरीकडे गेलो. पुढे मी तिला 'वहिनी, तू' म्हणत राहिलो आणि ती मला 'भाऊजी, तुम्ही'. माझे केस पिकले तरी त्यात फरक पडला नाही.

अंथरुणा-पांघरुणाच्या बाबतीत तिचं एक राज्य होतं आणि त्या राज्याचे कायदे होते. अभ्रे उलटे करून धुवायचे आणि धुण्याआधी त्यांच्या कोपऱ्यांत साठलेले कापसाचे बोळे केसांच्या आकड्याने काढायचे. पलंगपोसाला खळ, चादरीला कधीही नाही, कारण पलंगपोस बघायला येणाऱ्यांसाठी असतो आणि चादर झोपणाऱ्यांसाठी. नीळ थेंबाने मोजायची. एकदा ती आजारी असताना दादाने धुणं काढलं आणि निळीची बाटली सढळ हाताने ओतली. त्यानंतर महिनाभर आमचं सगळं घर आकाशात झोपत होतं. धुतलेली चादर कपाटात चळतीच्या तळाशी जायची आणि अंथरायची ती वरची काढायची, म्हणजे प्रत्येकीला सारखी पाळी. मी एकदा मधलीच ओढली तर सगळी चळत कलंडली, आणि वहिनी मला काही बोलली नाही, त्या चादरींना बोलली, की घाबरू नका गं, भाऊजी आहेत.

सगळ्यात कडक कायदा लाल दोऱ्याचा. प्रत्येक चादरीच्या एका कोपऱ्यात ती लाल दोऱ्याचे दोन टाके घालायची. तो कोपरा उशाकडे, दादाच्या बाजूला आलाच पाहिजे. कारण साधं होतं. उलटसुलट अंथरली तर आज जिथे पाय, तिथे उद्या तोंड. दादाची बाजू दाराकडची आणि वहिनीची खिडकीकडची. लग्नापासून चव्वेचाळीस वर्षं एकदाही चादर फिरली नाही आणि माणसंही फिरली नाहीत.

शिवाय तिला चुण्या वाचता यायच्या. तुम्हीआम्ही वर्तमानपत्र वाचतो तसं ती अंथरूण वाचायची. आमचा एक मामा दुपारी आला आणि जाताना म्हणाला, की छे, मी कुठे झोपलो, नुसता टेकलो होतो. वहिनीने पलंगाकडे एकदा बघितलं आणि सांगितलं की मामा, दोन तास झोपलात, डाव्या कुशीवर, आणि बिस्किट खात खात. मामा त्यानंतर त्या घरात खुर्चीवरसुद्धा जपून बसायचा.

आता दादाच्या टाचा. दादा पाणीपुरवठ्याच्या टाकीवर होता. दिवसभर या गल्लीचा व्हॉल्व्ह खोल, त्या गल्लीचा बंद कर. पाय सतत ओले आणि चालणं अखंड, त्यामुळे टाचांना अशा भेगा की रुपया ठेवला तर उभा राहील. आणि झोप लागेपर्यंत एक टाच दुसऱ्या पायावर, मग गादीवर, घासत राहायची त्याची सवय. खर्र, खर्र, थोडं थांबून पुन्हा खर्र. लहानपणी आम्ही दोघं एका गादीवर झोपायचो आणि मला तो आवाज बंद झाल्यावर जाग यायची. साहजिकच प्रत्येक चादर त्याच्या बाजूला, पायथ्यापासून हातभर वर, विरायची. वहिनी दर धुण्यानंतर चादर खिडकीच्या उजेडाला धरायची. चाळणीतून यावा तसा उजेड एका जागी आला की भोक पडायची वाट न बघता मागून ठिगळ लावायची. तुमच्या टाचा आहेत की कानस, असं ती त्याला ऐकवायची. तो म्हणायचा, की अगं, ठिगळ बाकीच्या चादरीपेक्षा मऊ लागतं, म्हणून मुद्दामच घासतो.

निवृत्त झाल्यावरही दादा सवयीने टाकीवर चक्कर मारायचा. तो गेला तो तिथून घरी येताना, रस्त्याच्या कडेला बसल्या बसल्या. वहिनीच्या घराची घडी विस्कटली असं कोणाला दिसलं नाही. चादरी वेळेवर दोरीवर होत्या, गादी महिन्याच्या महिन्याला उलटली जात होती. फक्त तिने जुन्या, ठिगळांच्या सगळ्या चादरी ट्रंकेत ठेवून दिल्या. वर्षाने मुलाने चार नव्या कोऱ्या चादरी पाठवल्या, त्यांना तिने लाल टाके घातले आणि त्याच वापरायला लागली. म्हणजे दादाचा पाय ज्यांना कधी लागलाच नाही अशा त्या चादरी. एवढं लक्षात ठेवा.

तिसऱ्या वर्षी इस्त्रीचा प्रकार झाला. तिची नजर अधू झाली होती. इस्त्री चादरीवर तशीच राहिली आणि तिला ते वास आल्यावर कळलं. चादरीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग, टेबलाचं लाकूड काळं. शेजारणीने तिच्या मुलाला कळवलं. तो दुसऱ्या गावात राहतो, दोन खोल्या, बायको नोकरीला, एक शाळकरी मुलगी. तो धावत आला आणि म्हणाला की आई, आता बस झालं, माझ्याकडे चल. वहिनीने सांगितलं, पाण्याची टाकी धुवायची आहे. मग म्हणाली, नव्या रजया उन्हात घालायच्या आहेत. मग म्हणाली, तुझ्या घरात हा पलंग मावणार नाही. तो म्हणाला की पलंग कशाला, तुला छान एकटीपुरती खाट घेतली आहे. 'एकटीपुरती' म्हटल्यावर ती उठून आतच गेली.

जाताना तो माझ्याकडे आला. काका, तुम्हीच समजवा, तुमचं ऐकेल. उद्या घर पेटलं तर मी कुणाला तोंड दाखवू, असं म्हणताना त्याचा आवाज कापला. खरं सांगायचं तर मलाही धास्ती होती. मी दोन गल्ल्या सोडून राहतो आणि त्या दिवसांत दुपारी कुठे धूर दिसला की पायात चप्पल आधी जायची, विचार मागून.

मी गेलो, पाय धुतले, बसलो. मुलाच्या गावच्या गोष्टी काढल्या, नातीच्या शाळेच्या काढल्या. वहिनी उशांना अभ्रे चढवत होती. शेवटी मी म्हटलं, की वहिनी, मुलगा रडवेला झाला होता गं. त्यावर ती उशी छातीशी धरून तशीच उभी राहिली. मग जाग आल्यासारखी कपाटाकडे गेली, नव्यापैकी एक चादर काढली, खिडकीच्या उजेडाला धरली आणि मला म्हणाली, बघा.

मी बघितलं. दादाच्या बाजूला, पायथ्यापासून हातभर वर, कापड विरलं होतं. तळहाताएवढ्या जागेतून उजेड चाळणीतून यावा तसा येत होता.

"चारही चादरींना आहे," ती म्हणाली. "एकीला ठिगळ लावून झालं. भाऊजी, हे अजून झोपतात इथे. मी ह्यांना एकटं टाकून कशी जाऊ?"

मी शक्य तेवढ्या शंका काढल्या. उंदीर असेल. ती म्हणाली, उंदीर कुरतडतो, विरवत नाही. धुताना त्या जागी ब्रश जास्त लागत असेल. तिने ब्रश कधी चादरीला लावलाच नव्हता. चादर उलटी अंथरली गेली असेल. तिने लाल टाके माझ्या नाकासमोर धरले. मग मी चाचरत म्हटलं, की झोपेत तूच तिकडे जात असशील. यावर ती चक्क हसली. म्हणाली, गेले असते तर चुण्या पडल्या असत्या. रोज उठल्यावर मी बघते. माझ्या बाजूला चुण्या असतात, ह्यांची बाजू आरशासारखी. आणि चुण्यांच्या बाबतीत तिच्याशी वाद घालणारा मी कोण? मामाची बिस्किटं मला आठवत होती.

घरी येऊन आमच्या हिला सांगितलं, की याचा छडा लावतो. ही म्हणाली, स्वतःचा चष्मा कपाळावर असताना घरभर शोधणारा माणूस आता भूत पकडणार. पण तिने नेहमीसारखा आवाज चढवला नाही. वहिनीच्या पलंगाकडे बघायला तिलाही नको वाटत होतं.

मलाही, खोटं कशाला बोलू, त्या खोलीत बसवेना. दुपारच्या स्वच्छ उजेडात, खिडकी उघडी, बाहेर भाजीवाल्याची हाक, आणि पलंगाची ती एक बाजू. एवढी गुळगुळीत, की वाटायचं कोणीतरी आत्ताच उठून हात फिरवून गेलंय. मी बोलता बोलता तिकडे पाठ करून बसायचो आणि मग पाठीला कसंतरी व्हायचं, म्हणून पुन्हा तोंड करून बसायचो. एकदा विसरून मी त्या बाजूला टेकणार, तर वहिनी हळूच म्हणाली की इकडे बसा ना. अगदी एखादा माणूस झोपलेला असताना आपण आवाज खाली आणतो तशी.

असे पंधराएक दिवस गेले. पुतण्याचे फोन चालूच होते. मग एका दुपारी मी तिच्या चष्म्याला दुकानातून नवी काच बसवून आणली आणि द्यायला गेलो. दार नुसतं लोटलेलं. हाक मारली, ओ नाही. मोरीकडे वळलो आणि पाण्याचा तांब्या हातात घेतला, तेवढ्यात ऐकू आलं.

खर्र, खर्र. थोडं थांबून पुन्हा खर्र.

तांब्या हातातच राहिला. तो आवाज मी दुसऱ्या कशाचा समजणं शक्यच नव्हतं. त्या आवाजावर मी लहानाचा मोठा झालोय. साठीला टेकलेला मी बाप्या, भर दुपारी ओल्या पायांनी त्या मोरीत उभा होतो आणि मला पळून जायचं होतं, आणि त्याहून जास्त मला 'दादा' अशी हाक मारायची होती.

खोलीचं दार उघडंच होतं. मी उंबऱ्यावरून बघितलं. वहिनीची बाजू रिकामी. दादाच्या बाजूला कोणीतरी डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलं होतं, अगदी दादा घ्यायचा तसं, आणि पायथ्याशी टाच घासत होतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग पांघरूण सरकलं आणि पांढरी वेणी बाहेर आली.

वहिनीच होती. गाढ झोपेत. माझा श्वास सुटला, पण खरा काटा अंगावर आला तो पुढच्या क्षणाला. कूस बदलत ती आपल्या बाजूला सरकली, आणि सरकता सरकता, डोळे मिटलेले असताना, तिचा उजवा हात मागे गेला आणि रिकाम्या झालेल्या जागेवरून फिरला. एकदा वरून खाली, एकदा कडेला, मग कोपरा ताणून. चव्वेचाळीस वर्षांचा सराव तो. चादर आरशासारखी झाली. वहिनीचा श्वास संथ चालू होता.

म्हणजे चुण्या पडत होत्या. पडत होत्या आणि झोपेतच पुसल्या जात होत्या. जगात दुसरी कुठलीही बाई असती तर सकाळी तिला कळलं असतं.

मी चष्मा टेबलावर ठेवला आणि चोरासारखा बाहेर पडलो. हिला सांगितलं. हिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, सांगू नका. तीन वर्षं तिचा नवरा घरात आहे, त्याला बाहेर काढणारे तुम्ही कोण? मी म्हटलं, आणि इस्त्री? ती दुपार आम्ही दोघांनी एकमेकांची नजर चुकवत काढली. सांगावं तर वहिनीला दुसऱ्यांदा विधवा करणार मी. न सांगावं तर एके दिवशी तिचं घर धुरात असेल आणि मला माहीत असेल की ती का थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सांगितलं. फिरवून फिरवून सांगितलं, मधे दोन भलत्याच गोष्टी सांगितल्या, पण सांगितलं. वहिनी पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. मी हाताच्या फिरण्यापाशी आलो तेव्हा तिने आपला उजवा हात उलटासुलटा करून बघितला, जसा कोणा दुसऱ्याचा हात चुकून आपल्याकडे राहिला असावा. मग साडीचा काठ किंचित वर घेऊन टाचा बघितल्या. तिच्या टाचा नेहमी मऊ असायच्या. आता त्यांना भेगा होत्या.

"घासायची सवय माझी नाही, भाऊजी," ती म्हणाली. "जन्मभर मी ह्यांना त्यावरून बोलले. मी कशाला घाशीन?"

मी तिच्या टाचांवरून नजर काढून घेतली.

ती बराच वेळ त्या गुळगुळीत बाजूकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. पण तिच्या चेहऱ्यावर हळूहळू वेगळंच काही आलं. धुणं वाळत घालून झाल्यावर दोरीकडे बघताना येतं ना, तसं. म्हणाली, म्हणजे हे पलंगावर नाहीतच. मी उगाच पलंग राखत बसले.

"मग हा इथेच राहू दे," ती म्हणाली. "मुलाला कळवा, मी येते."

बोलून ती उठलीच, ट्रंक ओढायला. मी विचारायला गेलो, की वहिनी, तुला नक्की काय कळलं ते मला सांगशील का. पण तिने मला पसाऱ्यात बुडवलं. रजया तुम्ही बांधा, गाठ मारू नका, चुरगळतात, नुसता पीळ द्या.

पुढच्या रविवारी सकाळी टेम्पो आला. मुलगा मोटारसायकलवर पुढे निघाला, दार उघडून ठेवतो म्हणाला. चादरींच्या गठड्या, रजया, उशा मागे चढल्या. सामानात भांडी कमी आणि अंथरूणच जास्त बघून टेम्पोवाल्याने विचारलं, की आजी, धर्मशाळा काढताय का. वहिनीने त्याला गठडीखाली स्वच्छ फडकं अंथरायला लावलं. तो बिचारा हसत हसत अंथरत होता. आमची ही डोळे पुसत होती. मी वर जाऊन शेवटचं बघून आलो. नुसता पलंग होता, लाकडी पट्ट्यांचा. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो, कान देऊन. काहीसुद्धा नव्हतं. ती खोली इतकी रिकामी मी दादा गेला त्या दिवशीही बघितली नव्हती.

खाली आलो तर वहिनी पुढच्या सीटवर चढत होती. मी हात दिला. ती अगदी दाराच्या कडेला टेकली, अंग चोरून, निम्मी सीटवर आणि निम्मी बाहेर. तिच्या आणि टेम्पोवाल्याच्या मधे एक माणूस ऐसपैस बसेल एवढी जागा.

तो म्हणाला, "आजी, आत सरका की, दार लागेल तुम्हाला. का अजून कोणी बसायचंय?"

वहिनीने त्या जागेवरून एकदा नजर फिरवली.

"नाही," ती म्हणाली, "बसले."

टेम्पोवाल्याला वाटलं, म्हातारी स्वतःचंच सांगतेय. त्याने वाकून दार ओढून घेतलं आणि गाडी सुरू केली.